उपसरपंच आणि हायपोथॅलॅमस

खानदेशात बोली किती, हे मोजायला बसलं तर दुपार सरते. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी, तापीकाठी गुजरी, आणि शाळेत तपासणीला साहेब आले की तेवढ्या तासापुरती प्रमाण मराठी. अलीकडे या यादीत आणखी एका भाषेची भर पडली आहे, पण तिची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही. ती म्हणजे ग्रीक. खात्री करायची असेल तर जळगावच्या रिंग रोडला किंवा धुळ्याच्या देवपुरात सकाळी सहाला जाऊन उभं राहावं. सायकलीवर, स्कूटीवर, बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून पोरंपोरी क्लासला निघालेली असतात. तोंडाला रुमाल, डोळ्यांत झोप, आणि रुमालाच्या आत अखंड पुटपुट: हेपॅटो म्हणजे यकृत, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, ऑस्टिओ म्हणजे हाड, कार्डिओ म्हणजे हृदय. खुद्द अथेन्समध्ये त्या वेळी इतकं प्राचीन ग्रीक कोणी बोलत असेल असं वाटत नाही.

ही सगळी नीट परीक्षेची कृपा. ७२० गुणांचा पेपर, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. उत्तर बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर पदरचा एक गेला. 'लायसिस' म्हणजे फुटणं, विरघळणं, एवढं ऐनवेळी आठवलं तर पोरगं चार गुणांनी श्रीमंत होतं. ग्रीक भाषेला इतका रोख भाव पूर्वी कधी मिळाला नसावा. सॉक्रेटिस तर बिचारा फुकटच बोलायचा.

हा योग पोरांच्या पत्रिकेत अकरावीला येतो. दहावीपर्यंत कोणी मराठी माध्यमात असतं, कोणी सेमी इंग्रजीत. सेमी इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि त्याचं रडगाणं मराठीतून. मराठी माध्यमाच्या पोरांना दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण शिकावं लागतं ते संस्कृतात. रंध्रीय, मृदुकाय, संधिपाद, कंटकचर्मी इथपर्यंत ठीक चालतं. मग अर्धसमपृष्ठरज्जू येतो. हा शब्द फळ्यावर एका ओळीत बसवणारा शिक्षक सुंदर हस्ताक्षराच्या बक्षिसाला पात्र समजावा. ज्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप, तो बॅलॅनोग्लॉसस समुद्राच्या चिखलात बीळ करून राहतो. एवढं मोठं नाव मिळाल्यावर कोणीही तोंड लपवूनच राहील.

आमची भाची मराठी माध्यमातली. दहावीला तिने हा अर्धसमपृष्ठरज्जू घासून घासून पाठ केला, न अडखळता म्हणायला लागली, आणि जून महिन्यात तिला सांगण्यात आलं की बाई, हे सगळं विसर, याला हेमिकॉर्डाटा म्हणायचं. तिच्या आजीच्या म्हणजे आमच्या आईच्या कानावर ही नवी घोकंपट्टी पहाटे पहिल्यांदा पडली, तेव्हा म्हातारी अंथरुणात उठून बसली. "हाऊ कोना मंतर शे व माय?" पोरीने सांगितलं, मंत्र नाही आजी, बायोलॉजी आहे. आजीने हात जोडले आणि ती पुन्हा आडवी झाली. न समजणारं काहीतरी पहाटे कोणी मोठ्याने म्हणत असेल तर ते देवाचंच असणार, असा तिचा साधा हिशेब आहे आणि तो मला अजून कोणी खोडून दाखवलेला नाही.

भाचीच्या धुळ्यातल्या क्लासात बायोचे एक सर आहेत. गाव शिरपूरकडचं. इंग्रजी बोलतात तेही अहिराणीच्या हेलात. पहिल्या आठवड्यात ते पुस्तकाला हातच लावत नाहीत. आधी उपसर्ग, मग मुळं. त्यांचं म्हणणं असं की जीवशास्त्रातला कुठलाही राक्षसी शब्द हातात घ्यावा, पुढून एक तुकडा तोडावा, मागून एक तोडावा, आणि मध्ये जे उरेल त्याला नाव विचारावं. तो मुकाट्याने सांगतो.

पहिला घोटाळा हायपर आणि हायपो यांचा. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त, हायपोग्लायसेमिया म्हणजे कमी. एकाची साखर तोडायची, दुसऱ्याला तातडीने द्यायची. ऐकताना फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, आणि त्यावर पेशंट राहतो की जातो हे ठरतं. पोरं दरवर्षी इथे गोंधळतात. सरांनी यावर जो उतारा शोधलाय तो मला फार आवडला. ते फळ्यावर दोन शब्द लिहितात, सरपंच आणि उपसरपंच. सांगतात, हायपो म्हणजे आपला उप. खालचा. थॅलॅमसच्या खाली बसतो तो हायपोथॅलॅमस, सरपंचाच्या खाली बसतो तो उपसरपंच. हायपर म्हणजे उपरि, वर गेलेला. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने शंका काढली की आमच्या गावात सगळा कारभार उपसरपंचच पाहतो. सर म्हणाले, "मेंदूतही तसंच शे. भूक, तहान, ताप, बठ्ठं हायपोथॅलॅमसच बघस." संपूर्ण वर्गाला ती व्याख्या मरेपर्यंत विसरता येणार नाही.

यात विनोद असला तरी बनाव नाही. ग्रीक 'हायपो' आणि संस्कृत 'उप', 'हायपर' आणि 'उपरि' हे खरोखरच एका भावकीतले आहेत. कलकत्त्यात बसून सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं जाहीर सांगितलं, तेव्हापासून ही भावकी कागदोपत्री आली. सातबारा उघडला की एकेक वारस निघतो. ऑस्टिओ आणि अस्थि. ओडोंट आणि दंत. पॉड आणि पाद. पेरी आणि परि. मेसो आणि मध्य. हेपॅट आणि यकृत हे दोघे इतके वेगळे दिसतात की कोणी सख्खे म्हणणार नाही, पण भाषाशास्त्रज्ञ त्यांना एकाच घरातले मानतात. आणि सगळ्यांत कडी म्हणजे नकाराचा नियम. ग्रीकांना एखादी गोष्ट नाही म्हणायची असेल तर ते व्यंजनाच्या आधी 'अ' लावतात आणि स्वराच्या आधी 'अन्'. आपणही अज्ञान म्हणतो आणि अनादर म्हणतो. ॲनिमिया म्हणजे अन् अधिक रक्त. व्हायरस आणि विष हेही एकाच कुळातले, म्हणजे विषाणू हा शब्द ज्याने घडवला त्याने चुकून नव्हे तर पत्ता काढून दार ठोठावलं होतं.

हे सगळं धुळ्यात शिकवलं जावं यात एक न्याय आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्यभर जुन्या दप्तरांमागे गावोगाव भटकले आणि शेवटी धुळ्यात येऊन थांबले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे आणि त्यांचा मराठी धातुकोशही त्यांच्या मागे याच मंडळाने छापला. राजवाड्यांच्या तावडीत शब्द सापडला की तो आपला मूळ धातू सांगितल्याशिवाय सुटत नसे. काही शब्द खरं बोलायचे, आणि काही निव्वळ मार चुकवायला काहीतरी कबूल करत असावेत, असं तो कोश चाळताना वाटतं. धुळ्याच्या मातीत शब्दाचं मूळ खणायची सवय अशी जुनी आहे. फरक इतकाच की राजवाडे ते पदरमोड करून करत आणि हल्ली त्याचे तीन हप्ते पडतात.

पण माझी खरी करमणूक झाली ती मुळांचे अर्थ बाहेर पडायला लागले तेव्हा. इतकी वर्षं मी समजत होतो की शास्त्रातली नावं म्हणजे कुठल्यातरी गंभीर दाढीवाल्यांनी गंभीर विचार करून ठेवलेली असणार. भाचीची वही वाचली आणि तो भ्रम गेला. ही तर आपल्या गावातली टोपणनावं आहेत. आमच्याकडे माणसाला जन्मनाव एकदा मिळतं आणि खरं नाव गाव देतं. कोणाचं नाक मोठं, कोण तिरका चालतो, कोणाचं पोट पुढे, यावरून. शास्त्रज्ञांनीही हेच केलंय, फक्त ग्रीक-लॅटिनची इस्त्री करून. गोगलगाय पोटावर सरकते म्हणून तिचं नाव गॅस्ट्रोपॉड, म्हणजे पोटपाय्या. माखली-ऑक्टोपसचे पाय डोक्यालाच फुटलेले दिसतात म्हणून सेफॅलोपॉड, डोकंपाय्या. गेंड्याचं राइनोसेरॉस म्हणजे नाकशिंग्या. सर्दीला डॉक्टर राइनायटिस म्हणतात, तिथेही तेच नाक, तोच 'राइनो'. तेव्हा सर्दीच्या वेळी आपल्याला गेंड्यासारखं वाटतं ते शास्त्राला धरूनच आहे. हत्ती-गेंड्यांना पूर्वी मिळून पॅकीडर्म म्हणत, जाड कातडीचे. हा गट प्राणिशास्त्राने नंतर मोडीत काढला. राजकारणात तो अजून टिकून आहे.

दहावी कपाल-चेता घ्या. बाकीच्या बहुतेक चेता डोक्यात, तोंडात, मानेत आपापली ठरलेली कामं करतात. ही एक डोक्यातून निघते ती मानेतून छातीत, हृदयाला भेटून, फुप्फुसांना भेटून थेट पोटात. तिचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका, उनाड. भाचीने हे आजीला सांगितलं, तेव्हा आजीने लगेच आमच्या एका चुलत मामाचं नाव घेतलं. ते इथे देत नाही.

मग एके दुपारी गच्चीवर बिबडे वाळत घातलेले असताना या दोघींचा सामना रंगला. भाची लॅटिन सांगायची आणि आजी घरातलं. बायसेप्स वगैरे जे स्नायू, ते मसल. मसल हा शब्द आला मस्क्युलस वरून, आणि मस्क्युलस म्हणजे लहानसा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यागत दिसतं, असं रोमनांना वाटलं. आजीने नापसंतीने मान हलवली. "दंडमा उंदीर कसा ऱ्हाई व? बेडकी ऱ्हास." आणि खरंच, आपल्या पोरांनी शाळेच्या पायरीवर आजवर बेडकुळ्याच काढून दाखवल्यात. रोमन माणसाच्या दंडात उंदीर, मराठी माणसाच्या दंडात बेडूक. ज्याच्या त्याच्या घरात जे फिरतं ते.

गुडघ्याचं पुढचं हाड पटेला. लॅटिनमध्ये अर्थ छोटं ताटलीवजा भांडं. आजी म्हणाली, मग बरोबर आहे, गुडघ्याची वाटी. इथे बरोबरी झाली. डोळ्याच्या मधला काळा ठिपका प्युपिल. लॅटिन प्युपिला म्हणजे छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं की आपलं छोटं रूप दिसतं. आपणही तिला डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. रोमनांना मराठी येत नव्हतं आणि मराठ्यांना लॅटिन, तरी दोघांनीही कोणाच्यातरी डोळ्यात पुरेसा वेळ पाहिलेलं दिसतं.

शेवटचा सामना मात्र आजीने एकतर्फी मारला. पाठीच्या कण्याचं अगदी खालचं हाड कॉक्सिक्स. ग्रीक कोक्कीक्स म्हणजे कोकिळेच्या जातीतला पक्षी. त्या हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा दिसतो म्हणे. जिथे आपण बसतो तिथे या लोकांना कोकिळा दिसली. आजीने विचारलं, "म्हंजे माकडहाड का?" भाची क्षणभर गप्प झाली. शेपटीचा उरलासुरला अवशेष म्हणजे ते हाड, हे उत्क्रांतीच्या धड्यात शिकवतात. डार्विनच्या कितीतरी आधी कुणा अडाणी वैदूने किंवा हाडं बसवणाऱ्याने ते नावातच सांगून ठेवलं होतं. हेच हाड आपटून आजी आदल्या पावसाळ्यात दोन महिने पडून होती, त्यामुळे तिच्या मताला अनुभवाचंही वजन होतं.

मुळं कळायला लागली की सगळ्यांत जास्त धोका डॉक्टर लोकांना. आयटिस म्हणजे दाह, सूज. आर्थ्रो म्हणजे सांधा. धुळ्याच्या एका दवाखान्यात मी हा प्रसंग बाकावर बसून ऐकलेला आहे. साक्रीकडचे एक आजोबा आत डॉक्टरांना सांगत होते, "मना गुडघा सुजना. सांधा ठनकस." डॉक्टरांनी दाबून पाहिलं, फोटो काढायला लावला, फोटो उजेडाला धरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आर्थ्रायटिस आहे. आजोबांनी विचारलं, म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, सांध्याला सूज आहे. आजोबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मी जे सांगं तेच तुम्ही इंग्रजीमा लिखं ना!" बाहेर बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्यांनी आपापल्या फाइली तोंडावर धरल्या.

या खात्यातला माझा सर्वांत लाडका शब्द इडिओपॅथिक. इडिओ म्हणजे स्वतःचा, खासगी. पॅथॉस म्हणजे दुखणं. ज्या आजाराचं कारण सापडत नाही त्याला इडिओपॅथिक म्हणतात. आजार का झाला? त्याचा तो झाला. त्याचं त्यालाच ठाऊक. वैद्यकशास्त्राला 'माहीत नाही' म्हणताना लाज वाटते तिथे ग्रीक मदतीला येतं, आणि पेशंटचं बिल मात्र माहीत असल्यासारखंच होतं.

भाचीच्या हातात ही शस्त्रं आल्यापासून ताईच्या घरात कोणी धडधाकट उरलेलं नाही. वडिलांना हायपरटेन्शन होतंच, आता ते का होतं याची कारणं दररोज जेवताना ऐकू येतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की सबंध जिल्ह्याला पॉलिडिप्सिया होतो. पॉली म्हणजे पुष्कळ, डिप्सा म्हणजे तहान. खरं तर पॉलिडिप्सियाच्या जोडीला पॉलियुरियाही यायला हवा, तेव्हा मधुमेहाची शंका घ्यायची. पण खानदेशातल्या मेमध्ये पोटात गेलेलं सगळं पाणी शर्टावरच येतं, त्यामुळे लघवीला जायला पाणी उरत नाही आणि निदान अडतं. तिसरी बहीण पॉलिफेजिया, म्हणजे अति खाणं. ती लग्नसराईत जोर धरते आणि वांग्याचं भरीत व कळण्याची भाकरी यांच्या सान्निध्यात बळावते. पत्र्याच्या शेडखालच्या क्लासमध्ये दुपारी वीज गेली की सव्वाशे पोरं अनएरोबिक होतात. एरो म्हणजे हवा, आणि अन् म्हणजे काय ते वर आलंच आहे.

शेतीकडे वळलं की ग्रीक-लॅटिन आणि खानदेश यांची खरी गाठ पडते. इथे नावं नुसती पाठ करून भागत नाही, ती पीक खातात. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीने शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणले. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा अळी गेली असं वाटलं होतं. पुढे ती बीटीही पचवायला शिकली. तिचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा. पेक्टेन म्हणजे कंगवा, फोरा म्हणजे बाळगणारी. तिच्या पतंगाच्या मिशीच्या बुडाशी कंगव्याच्या दातांसारखे केस असतात म्हणून. ज्या शेतकऱ्याची सगळी बोंडं आतून पोखरली गेली त्याला जाऊन सांगा, की दादा, तुझं रान खाल्लं ती बाई कंगवा घेऊन फिरते.

नावं ठेवण्यात शेतकरी मागे नाही. केळीवर कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू येतो, पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात. शास्त्रज्ञांना त्यात मोझॅकची फरशी दिसली. रावेर-यावलच्या शेतकऱ्याने त्याला 'हरण्या' म्हटलं. मला विचाराल तर फरशीपेक्षा हरीण केव्हाही बरं. पानं भाजल्यासारखी होणाऱ्या सिगाटोकाला तो सरळ करपा म्हणतो. सरांनी सिगाटोकाचं ग्रीक मूळ पुष्कळ शोधलं, पण ते फिजी बेटावरच्या एका खोऱ्याचं नाव निघालं. करपा आणणाऱ्या बुरशीचं नाव मात्र नियमाप्रमाणे आहे, मायकोस्फेरेला. मायको म्हणजे बुरशी, स्फेअर म्हणजे गोळा. हा मायको आणि स्नायूवाला मायो यांत पोरं हमखास ठेचकाळतात. एक अक्षर गळलं की केळीच्या पानावरची बुरशी पेशंटच्या दंडात शिरते.

आणि केळीची खुद्द नावं! लिनियस या स्वीडिश गृहस्थाने सगळ्या सजीवांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. आपला नाग त्याने उचलला आणि नावात त्याचा नाजा करून टाकला, एवढं आपलं त्याच्यावर ऋण आहे. हॉलंडमध्ये क्लिफर्ड नावाच्या श्रीमंताच्या बागेत काचघरात त्याने केळीचं एक झाड फुलवलं. तिथे हा इतका मोठा पराक्रम समजला गेला की त्याने १७३६ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. एका झाडावर एक पुस्तक. हा हिशेब लावला तर रावेर तालुक्यात पाय ठेवायला जागा उरणार नाही. त्याला इतका आनंद झाला की स्वर्गातल्या बागेतलं फळ ते हेच असावं असं त्याला वाटलं, आणि पुढे केळीला त्याने मूसा पॅरॅडिसिअका नाव दिलं. त्याने चैत्रातल्या वादळाने आडवी झालेली बाग पाहिली नव्हती.

आता जळगाव जिल्ह्यात सर्रास लावतात ती जात ग्रँड नैन. फ्रेंच नाव. ग्रँड म्हणजे मोठा, नैन म्हणजे बुटका. मोठा बुटका! हे नावही गावातल्या पारावरच ठेवलेलं वाटतं. पण आमच्या शेतकऱ्याने त्याचं काय केलं पाहा. नैनचं झालं नाइन, ग्रँडचा राहिला जी, आणि आज जिकडेतिकडे ही केळी 'जी-नाइन' म्हणून ओळखली जाते. पाट्यांवर 'जी-९' असं अंकातही लिहितात. जी-१ ते जी-८ कुठे गेल्या हे कोणी विचारत नाही. तिची रोपं टिश्यू कल्चरची. टिश्यू हा फ्रेंच शब्द, अर्थ विणलेलं कापड. हिस्टॉलॉजीतला ग्रीक हिस्टो म्हणजेही मागावरची वीण. आणि आपल्या पाठ्यपुस्तकातला 'ऊती', ज्याला पोरं उगाच घाबरतात, तोही संस्कृतात विणण्याचाच शब्द. तिन्ही भाषांनी पेशींच्या थराला कापड म्हटलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली तर पोरं निम्मी कमी घाबरतील, असं माझं मत आहे. ते मी सरांनाही कळवलं. ते म्हणाले, सिलॅबस संपायला हवा हो.

याच सरांच्या वर्गातला परवाचा प्रसंग भाचीने सांगितला. यावलकडचे एक केळीवाले शेतकरी मुलाचा हप्ता भरायला आले होते. तास संपेपर्यंत दारात उभे राहिले. फळ्यावर पार्थेनोकार्पी लिहिलेलं. पार्थेनॉस म्हणजे कुमारी, कार्पोस म्हणजे फळ. बी धरल्याशिवाय, परागसिंचनाशिवाय येणारं फळ, उदाहरण केळी. त्याच्याखाली मोनोकार्पिक, आयुष्यात एकदाच फळणारं झाड, उदाहरण पुन्हा केळी. आपल्या पिकाचं नाव दोनदा दिसल्यावर गृहस्थ आत आले आणि सरांनी त्यांना सन्मानाने दोन्ही शब्द समजावले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे घड कापला की झाड संपलं, आन् खालून पील धरायचं. हेच ना?"

सर म्हणाले, हेच.

"यालेच पोरगं दोन वर्षं शिकून राह्यलं?"

वर्ग हसला. सरही हसले. मग गृहस्थांनी करप्याचं नाव विचारलं, हरण्याचं विचारलं, आणि दोन्ही ऐकून घेतल्यावर जरा पुढे सरकून म्हणाले, "आन् सर, बऱ्हानपूरचा भाव एक निघतो, रावेरचा दुसरा, आन् व्यापारी बागेत येऊन सांगतो तो तिसराच. रात्रीतून भाव पडतो, काहून पडला कोनी सांगत नाही. त्याले काय म्हनता तुमच्यात?"

सरांनी खडू हातात घेतला, फळ्याकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. उपसर्गांच्या यादीत भावाचं काही नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "इडिओपॅथिक."

गृहस्थांनी अर्थ विचारला. तो ऐकल्यावर खिशातून हप्त्याची पावती काढली, उलटी केली आणि सरांपुढे धरली.

"एवढं याच्यावर लिहून द्या. उद्या व्यापारी येनार हे बागेत, त्याले दाखवतो."